पार्किन्सन्स असलेल्या ज्येष्ठांची डिमेन्शियासाठी तपासणी: घरच्यांनी काय तयारी करायची

पार्किन्सन्स म्हटलं की हाताची थरथर आणि अडखळणारी पावलं एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावरचा निबंध लिहिला, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असंच त्यांनी नोंदवलं होतं. पुढे तसं नसल्याचं दिसून आलं. आज कोणत्याही एका वेळी पाहिलं तर पार्किन्सन्सच्या साधारण दहातल्या तीन रुग्णांना डिमेन्शिया असतो. सिडनीत वर्षानुवर्षं चाललेल्या एका पाहणीत, निदानानंतर २० वर्षांनी जे हयात होते त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना तो झालेला होता. अलीकडच्या पाहण्यांत हे प्रमाण बरंच कमी दिसलंय, त्यामुळे या आकड्याने हबकून जाऊ नका. पण पार्किन्सन्सला काही वर्षं झाली असतील आणि वय सत्तरीपुढचं असेल, तर तपासणीत चालढकल करू नका.

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, या तपासण्यांना मी बरोबर असते. एव्हाना एक गोष्ट पक्की कळलीय: चाचणीत मिळालेले गुण कोणत्या वेळी आणि कोणत्या अवस्थेत मिळाले हे माहीत नसेल, तर त्यांचा फारसा उपयोग नाही. ही माहिती डॉक्टरांना घरच्यांकडूनच मिळते. ती नीट कशी न्यायची, हे पुढे क्रमाने सांगते. हे स्क्रीनिंग आहे, निदान नव्हे, हेही आधीच लक्षात असू द्या. यातून कळतं ते एवढंच, की पुढे खोलात तपासायची गरज आहे का.

१. नेमकं काय शोधायचं ते समजून घ्या

डिमेन्शिया म्हणजे विसराळूपणा, असं आपण धरून चालतो. अल्झायमरमध्ये सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. पार्किन्सन्समध्ये मात्र आधी ढळतं ते लक्ष, कामांची जुळवाजुळव आणि अंतराचा-जागेचा अंदाज. माणसाला नाव चटकन आठवत नाही, पण पहिलं अक्षर सांगितलं की आठवतं. फोनवर बोलता बोलता समोरचा कागद शोधणं जमत नाही. खुर्चीच्या मधोमध बसायचं सोडून कडेला बसतात. बोलणं बऱ्यापैकी शाबूत असतं, म्हणून पाहुण्यांना काही जाणवतही नाही. "छान तर बोलले की!" असं म्हणून ते निघून जातात.

दुसरी गोष्ट भासांची. कोणीतरी मागे उभं आहे असं वाटणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी सर्रकन गेल्यासारखं वाटणं, दारामागे टांगलेला सदरा माणूस वाटणं. पुढे पुढे लहान मुलं, प्राणी, अनोळखी माणसं स्पष्ट दिसू लागतात. वेडं ठरवतील या भीतीने ज्येष्ठ मंडळी हे स्वतःहून सांगत नाहीत. तुम्हीच सहज विचारा: "पार्किन्सन्समध्ये काहींना असं काही दिसतं म्हणे, तुम्हाला होतं का कधी?" प्रश्न असा टाकला की उत्तर येतं.

आणि दोन तारखा आठवून लिहून ठेवा. हालचालींचा त्रास कधी सुरू झाला आणि विचारांतला गोंधळ पहिल्यांदा कधी जाणवला. महिना-वर्ष पुरे. गोंधळ आधी आला किंवा हालचालींचा त्रास सुरू झाल्यापासून वर्षभरातच आला, तर डॉक्टर ल्युई बॉडी डिमेन्शियाचा विचार करतात. वर्षाहून नंतर आला तर पार्किन्सन्समधला डिमेन्शिया म्हणतात. हे दोन्ही आजार एकमेकांचे सख्खे भाऊ असले, तरी ही तारीख प्रत्येक नवा डॉक्टर विचारतोच.

२. घरी टिपण ठेवा, आणि हात की डोकं ते वेगळं लिहा

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. डिमेन्शिया म्हणायचं तर विचारशक्तीतल्या घसरणीमुळे रोजचे व्यवहार अडायला हवेत. पार्किन्सन्समध्ये व्यवहार तर हातापायांमुळेही अडतात. मग कशामुळे काय अडलं, हे बघायचं कोणी? घरच्यांनीच.

बटण लागत नाही, ही बोटांची अडचण. सदरा उलटा घातलाय हे सांगूनही लक्षात येत नाही, ही डोक्याची. सही बारीक झाली हा हाताचा भाग. पण अर्जात जन्मतारखेच्या रकान्यात आजची तारीख लिहिली, तर ते वेगळं. रिमोटचं बटण दाबताना बोट घसरणं आणि आवाज वाढवायला कोणतं बटण दाबायचं हेच न कळणं, यांतही तोच फरक.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त कळलं ते गोळ्यांच्या डब्यावरून. अप्पा आठवड्याचा डबा स्वतः भरायचे. बोटं थरथरायची, गोळी खाली पडायची, ती उचलून पुन्हा योग्य खणातच जायची. वेळ लागायचा, पण चूक नसायची. मग दुपारच्या खणात सकाळची अर्धी गोळी दिसू लागली, एखाद्या वाराचे दोन खण रिकामे आणि पुढच्यात दुप्पट. थरथर तेवढीच होती. बदललं होतं ते दुसरंच काहीतरी. मी लिहून नेलेल्या टिपणांपैकी डॉक्टरांनी सगळ्यांत जास्त वेळ याच नोंदीवर घालवला. त्यामागे कारण आहे. कोणती गोळी, किती वाजता, किती, आणि चुकली तर काय होतं, हे रुग्णालाच सांगायला लावणं ही या तपासणीतली एक मान्य पद्धत आहे.

टिपणात तारीख, वेळ, काय घडलं आणि शेवटची गोळी कधी घेतली होती, एवढं पुरे. "हल्ली विसरतात" असं मोघम लिहू नका, प्रसंग लिहा. आणि तुलना त्यांच्याच पूर्वीच्या वागण्याशी करा. ज्यांनी आयुष्यात कधी हिशेब ठेवला नाही, त्यांना आता हिशेब जमत नाही याला अर्थ नाही.

३. आधी बाकीची कारणं तपासून घ्या

ही पायरी गाळून थेट चाचणीला बसवणं हा सर्रास दिसणारा सापळा आहे. विचार मंदावण्याची बरीच कारणं दुरुस्त होणारी असतात, आणि ती असताना घेतलेली चाचणी फसवते.

औषधांपासून सुरुवात करा. थरथर कमी करण्यासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन: ही सगळी औषधं मेंदूतल्या ॲसिटाइलकोलीनच्या कामात अडथळा आणतात. पार्किन्सन्समध्ये ते रसायन आधीच कमी पडत असतं. प्रत्येक औषध वेगळ्या डॉक्टरांनी दिलेलं असतं आणि एकत्र यादी कोणाकडेच नसते. अमँटाडिन आणि प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी भास वाढू शकतात. पण यातलं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, तर एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं. यादी डॉक्टरांपुढे ठेवा आणि "यातलं काही डोक्यावर परिणाम करतंय का?" असं सरळ विचारा.

दुसरं, अचानक आलेला गोंधळ. दोन-चार दिवसांत माणूस पार बदलला, रात्री ओरडू लागला, दिवसा गुंगीत राहिला, तर तो डिमेन्शिया समजू नका. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नवं औषध, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांमुळे असं होतं. याला डिलिरियम म्हणतात आणि त्यासाठी लगेच डॉक्टर गाठावा लागतो. डोक्याला मार लागून मेंदूभोवती रक्त साठलं तरी गोंधळ वाढतो, कधी कधी पडल्यानंतर काही आठवड्यांनी. पार्किन्सन्सवाले पडतात, आणि पडल्याचं लपवतातही. तेव्हा पडल्याच्या नोंदीही टिपणात हव्यात. डिलिरियम ओसरल्यावर लगेच चाचणी घेऊ नका, काही आठवडे जाऊ द्या.

तिसरं, नैराश्य. पार्किन्सन्समध्ये ते इतकं सर्रास आढळतं की वेगळं विचारलंच पाहिजे. चेहऱ्यावरचे भाव आजारानेच कमी होतात, आवाज खाली जातो, म्हणून खिन्न नसलेला माणूस खिन्न दिसतो आणि खरोखर खिन्न असलेला नजरेतून सुटतो. ज्येष्ठांसाठी १५ प्रश्नांची नैराश्याची छोटी प्रश्नावली असते, ती भरून घ्यायला सांगा.

उरलेलं झटपट सांगते. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. लेव्होडोपा बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी आढळू शकतं. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उभं राहिल्यावर येणारी भोवळ आणि सुन्नपणा त्यामुळे असू शकतो. झोपेत हातपाय मारणं, ओरडणं, दिवसभर पेंगणं याची नोंद करा. चष्म्याचा नंबर आणि कान तपासून घ्या. ऐकूच आलं नाही तर उत्तर चुकणारच.

४. वेळ मागताना "ऑन" असतील अशी वेळ मागा

गोळीचा असर चढलेला असताना आणि उतरलेला असताना एकच माणूस दोन वेगळी माणसं असल्यासारखा वागतो, हे तुम्ही रोज बघत असाल. चाचणी असर चांगला असतानाच व्हायला हवी. अपॉइंटमेंट घेताना हे स्पष्ट सांगा. पलीकडून "जी वेळ आहे ती आहे" असं उत्तर आलं, तर निदान शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि चाचणी किती वाजता सुरू झाली, हे अहवालावर लिहून घ्या.

एक नेहमीचा घोळ सांगते. उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि त्याच सकाळी चाचणी, असं एकत्र ठरवलं जातं. मग उपास म्हणून सकाळची गोळीही राहते, रांगेत तासभर जातो, आणि माणूस आखडलेल्या अवस्थेत परीक्षेला बसतो. रक्त वेगळ्या दिवशी द्या. एकाच दिवशी करावंच लागलं, तर गोळी पाण्याबरोबर घेतली तर चालेल का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा ताप असेल, तर सरळ तारीख पुढे ढकला.

५. बरोबर काय न्यायचं

- सगळ्या औषधांची एकच यादी: नाव, मात्रा, वेळ. चूर्ण, थेंब, सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांसह. शक्य असेल तर मूळ पाकिटंच न्या.
- हालचालींचा त्रास आणि गोंधळ, दोन्हींच्या सुरुवातीचे महिने-वर्षं.
- तुमचं टिपण, आणि त्यातले ठळक चार-पाच प्रसंग एका पानावर. वही वाचायला कोणालाच वेळ नसतो.
- जुने अहवाल: आधीची चाचणी झाली असेल तर त्याची मूळ उत्तरपत्रिका, नुसते गुण नव्हेत. बी-१२, थायरॉइड, साखर, मेंदूचा एमआरआय किंवा सीटी झाला असल्यास तो.
- रक्तदाबाच्या नोंदी.
- चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याची जादा बॅटरी.
- पुढची गोळी आणि पाणी. वाट बघण्यात तिची वेळ येतेच.
- शिक्षण किती झालं आणि कोणत्या भाषेत, याची माहिती. याचं कारण पुढच्या पायरीत.

६. चाचणीच्या खोलीत

बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक चाचणी घेतात. जुनी एमएमएसई, जी १९७५ पासून वापरात आहे, आणि मोका, जी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही ३० गुणांच्या. एमएमएसईचा भर आजची तारीख, ठिकाण, शब्द, वाचन-लेखन यांवर आहे. पार्किन्सन्समध्ये आधी ढळणारी जुळवाजुळव तीत फारशी तपासली जात नाही, त्यामुळे सुरुवातीची घसरण निसटते. मोकात ती बाजू जास्त येते. कोणती चाचणी घेणार ते विचारा. नुसती एमएमएसई असेल, तर मोका करता येईल का, असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

मोका मराठीतही आहे. ज्यांचं शिक्षण कमी झालंय किंवा झालंच नाही, त्यांच्यासाठी वेगळं सोपं रूप आहे. समोरचा माणूस इंग्रजी कागद बघून जागच्या जागी भाषांतर करत असेल तर थांबवा. शब्द बदलले की चाचणीच बदलते. शाळा १२ वर्षं किंवा त्याहून कमी झाली असेल, तर मोकाच्या नेहमीच्या रूपात एक गुण वाढवून देतात. हा गुण द्यायचा राहून गेलेला मी पाहिलाय. उलट, फार शिकलेली माणसं जुन्या शिदोरीवर चांगले गुण मिळवतात आणि घसरण झाकली जाते. तिथे तुमच्या टिपणाला गुणांपेक्षा जास्त वजन असतं.

मोकात घड्याळ काढण्याचा प्रश्न असतो आणि तो बघण्यासारखा आहे. वर्तुळ वेडंवाकडं आलं, रेघ थरथरली, तर तो हात. पण बाराही आकडे उजव्याच अर्ध्यात दाटीवाटीने बसवले, किंवा मिनिटकाटा योग्य जागेऐवजी तोंडी सांगितलेल्या आकड्याकडेच ओढला गेला, तर ते विचारांच्या जुळणीतलं आहे. चांगला तपासनीस हा फरक शेऱ्यात लिहितो. लिहिला नसेल तर विचारा.

प्रश्न मी इथे मुद्दाम देत नाही. घरी पाठ करून घेतलेली चाचणी वाया जाते, आणि इंटरनेटवर सापडलेला कागद घेऊन जेवणाच्या टेबलावर वडिलांची परीक्षा घेणं तर त्याहून वाईट. गुण फसवे येतात आणि माणूस दुखावतो.

तुम्ही खोलीत असाल तर गप्प बसा. हे सांगायला सोपं, करायला अवघड. उत्तर ओठांवर येतं, मान आपोआप हलते. पार्किन्सन्समध्ये विचारही सावकाश पुढे सरकतो. उत्तर येणार असतं, पण आपल्याला शांतता सहन होत नाही. मी आता त्यांच्या मागे, नजरेआड बसते. आवाज फार बारीक असेल तर मात्र तपासनीसाला आधीच सांगा, की ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा, चूक धरू नका.

७. तुमचं बोलणं वेगळं होऊ द्या

भास, संशय, पैशांतल्या चुका, रात्रीचं भटकणं हे सगळं त्यांच्यासमोर सांगायचं म्हणजे त्यांना चारचौघांत उघडं पाडणं. पाच मिनिटं स्वतंत्र मागा, किंवा एक पानी टिपण आधीच आत पाठवा. एका घरातून दोघं गेले तर उत्तम, कारण रोज बरोबर राहणारा आणि अधूनमधून येणारा यांना वेगवेगळं दिसतं. रोजच्या माणसाने बरीच कामं नकळत स्वतःकडे घेतलेली असतात, आणि "जमतं त्यांना सगळं" असं तो अगदी मनापासून सांगतो. विचारा स्वतःला: मी आठवडाभर बाहेरगावी गेले, तर त्यांचं काय काय अडेल?

८. गुण आल्यावर

पार्किन्सन्ससाठी मोकामध्ये २६ च्या खाली गुण आले तर सौम्य घसरणीची शंका घेतात, २१ च्या खाली आले तर डिमेन्शियाची. या रेषा ढोबळ आहेत. गुण कमी पण व्यवहार सुरळीत, तर ती बहुधा सौम्य घसरण. ती सगळ्यांचीच पुढे सरकत नाही, काहींची स्थिती सुधारतेही. डिमेन्शियाची शंका टिकून राहिली तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (स्मृती, लक्ष, विचार यांची तपासणी करणारे मानसशास्त्रज्ञ) तास-दोन तासांची सविस्तर तपासणी होते. एमआरआय करतात तो मुख्यतः दुसरं कारण नाही ना हे बघण्यासाठी. "एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही" असा अर्थ काढू नका.

निदान झालंच, तर डॉक्टरांशी बोलायचे मुद्दे असे:

औषधांची छाटणी. तिसऱ्या पायरीतली यादी इथे पुन्हा काढा.

रिव्हास्टिग्मिन. पार्किन्सन्समधल्या डिमेन्शियासाठी अमेरिकेत २००६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅप्सूल आणि पॅच अशा रूपांत येतं. फायदा होतो तो माफक. मळमळ होऊ शकते, थरथर थोडी वाढू शकते, नाडी मंद असेल तर आधी सांगा.

टाळायची औषधं. भास किंवा चिडचिड होते म्हणून हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन यांनी पार्किन्सन्सचा रुग्ण पार आखडून जाऊ शकतो. ही नावं एका कार्डावर लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा. रात्री-अपरात्री इमर्जन्सीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना रुग्णाचा इतिहास माहीत नसतो.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर हा अहवाल आधी दाखवा. डिमेन्शिया असताना ती सहसा करत नाहीत.

आणि व्यवहाराच्या गोष्टी. गाडी चालवणं, बँकेचे अधिकार, इच्छापत्र, पुढच्या उपचारांबद्दलची त्यांची मतं. हे सगळं आजार सौम्य असतानाच त्यांच्याशी बोलून ठरवा, त्यांना समजतं आणि सही करता येते तोवर.

९. पुढची तारीख आताच घ्या

एक चाचणी म्हणजे एक ठिपका. वर्षभराने दुसरी झाली की रेघ दिसू लागते, म्हणून काही तक्रार नसली तरी वर्षातून एकदा करून घ्या. नवे भास, वारंवार पडणं किंवा औषधांचा गोंधळ सुरू झाला तर त्याआधीच. पुन्हा तीच चाचणी, तीच भाषा, दिवसाची साधारण तीच वेळ, आणि गोळीनंतर साधारण तेवढाच वेळ गेलेला. मोकाची समांतर रूपं आहेत. मागच्या वेळचे शब्द लक्षात राहू नयेत म्हणून दुसरं रूप मागा आणि या वेळी कोणतं वापरलं ते अहवालावर लिहून घ्या. उत्तरपत्रिकेचा फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टर बदलले की पहिली मागणी तिचीच होते.